आंदोलनाचं सिलेक्शन

इस्माईलभाई, हे काही बरं केलं नाहीत. पस्तीस वर्षं तुम्ही "एक मिनिट, एक मिनिट, कोणी हलायचं नाही" म्हणत अख्खे मांडव ताटकळत ठेवलेत. भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडायचे, काझीसाहेब घड्याळाकडे बोट दाखवायचे, आणि तुम्ही निवांत नवरदेवाच्या फेट्याचा तुरा सरळ करत असायचात. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा? सकाळी चहाचा कप खाली ठेवलात आणि निघालात. कोणाला एक मिनिट दिलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी आपल्या नाशिकातल्या द्वारकेला तुमच्या घरी आले. तिथला चौक ओलांडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तुम्ही एक वरात शूट करून मोकळे झाला असतात. भाभींनी मला आतल्या खोलीत जवळ बसवून घेतलं. उघड्या दारातून बाहेरच्या खोलीत कोण दिसत होतं सांगू? भिंतीला टेकून आमच्या कॉलेजचे तीन माजी विद्यार्थी, ज्यांना तुम्ही पोलिसांसाठी कॅमेऱ्यात टिपलं होतं. आणि त्यांच्याच सतरंजीवर आपले मिशीवाले हवालदार, ज्यांच्या मुलीचं लग्न तुम्ही शूट केलं होतं.

हवालदार एका पोराकडे टक लावून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "तू तो लाल शर्टवाला ना?"

"हो काका. ओळखलं तुम्ही?"

"न ओळखायला काय झालं? तीन महिने माझ्या टेबलावर होतास."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर खांदे हलायला लागले. भाभींना वाटलं मी रडतेय. त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी तशीच बसून राहिले, कारण थोड्या वेळाने ते खरंच झालं होतं.

आपली ओळख कशी झाली ते मी आजवर किमान दोनशे जणांना सांगितलंय. प्रत्येक वेळी थोडं वाढवून. आज तुमच्यासमोर वाढवणार नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाल, "मॅडम, एवढं नव्हतं."

कॉलेजने ऐन सत्रात मुलींचं वसतिगृह दुरुस्तीसाठी बंद केलं होतं. पेठ तालुक्याकडच्या मुली अंधारात उठून एसटी धरून यायला लागल्या. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर पोरीने जायचं कुठे, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग मुलं-मुली प्राचार्यांच्या ऑफिसबाहेर, पोर्चमध्ये बसली. मी तिथे मराठी शिकवते आणि हौसेने नाटकं बसवते. मुलं बसली म्हणून मीही बसले. तिसऱ्या दिवशी पोलीस आले, आणि त्यांच्या मागून तुम्ही.

पोलीस ठाण्याला स्वतःचा फोटोग्राफर नसतो, ते बंदोबस्ताच्या शूटिंगला गावातलाच एखादा लग्नाचा फोटोग्राफर बोलावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं तुम्ही चुकून आलात. तुम्ही कुठल्याशा साखरपुड्यावरून सरळ आला होतात, खिशाला गुलाबाचं फूल तसंच होतं. कॅमेरा वर गेला आणि मुलांनी "कॅमेरा बंद करा" म्हणून एकच गिल्ला केला. पोरींनी ओढण्या तोंडावर घेतल्या. पोरांनी हातांनी चेहरे झाकले.

तुम्हाला भयंकर वाईट वाटलं. "अरे, तोंडं का झाकता? चांगली तोंडं आहेत," असं म्हणालात. मग पोलीस बाजूला ठेवून थेट माझ्याकडे आलात. "मॅडम, तुम्ही यांच्यात मोठ्या दिसता. जरा सांगा ना यांना. सगळे उजेडाकडे पाठ करून बसलेत. काळे येतील हो."

आणि इथे, भाई, माझ्या हातून ती गोष्ट झाली. पंचवीस वर्षं मी मुलांना स्टेजवर उभं करतेय. उजेडाकडे पाठ करून बसलेला घोळका माझ्याच्याने बघवत नाही. मी उठले आणि कामाला लागले. "ए लाल शर्ट, डावीकडे सरक. उंच मुलं मागे. अर्धवर्तुळ करा रे, सरळ रेषेत बसलात तर श्राद्धाची पंगत वाटते. हात खाली! चेहरा प्रेक्षकांकडे!" मुलांनी सवयीने ऐकलं. निम्मी माझ्या नाटकांतलीच होती.

"यमुना, तू बुटकी, पुढे ये."

"मॅडम, मी मागंच बरी. नाय येत पुढं."

"पुढे ये म्हटलं ना!"

आली बिचारी. आता मुलांच्या अंगात आलं. टाळ्यांच्या ठेक्यावर घोषणा सुरू झाल्या, आणि तुम्ही डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे जायला लागलात. "अजून दोघं राहतात... वा... अजून थोडं..." तुमच्या मागे कुठेतरी काहीतरी खळ्ळकन फुटलं. घोषणा जोरात होत्या, कोणी लक्ष दिलं नाही. तुम्ही अंगठा वर करून मला म्हणालात, "एकदम फॅमिली ग्रुप झाला, मॅडम!" आणि मी, मूर्ख बाई, खूश झाले. पोलिसांना हव्या असलेल्या चाळीस चेहऱ्यांना मी नीट प्रकाशात, उंचीप्रमाणे लावून दिलं होतं. असा सहकार्य करणारा आंदोलक महाराष्ट्राच्या इतिहासात झाला नसेल.

यमुना पुढे का येत नव्हती, हे मला नंतर कळलं. पेठच्याही वरच्या पाड्यावरची ही पोर पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे कॉलेजच्या मैदानावर धावायची, गोळाफेकीचा सराव करायची. वसतिगृह बंद झालं तसं तिचं मैदानही बंद झालं, म्हणून ती आंदोलनाला बसली. भरतीत सगळं जमलं तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. नावावर गुन्हा निघाला तर संपलं. पोलीस व्हायला निघालेल्या मुलीला मी पोलिसांच्या कॅमेऱ्यापुढे पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं.

दोन दिवसांनी तुम्ही कॅन्टीनमध्ये अवतरलात. बगलेत लॅपटॉप. माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "मॅडम, सिलेक्शन करून द्या."

"कसलं सिलेक्शन?"

"साहेबांनी पंचवीस प्रिंट मागितलेत. फोटो दोनशेच्या वर आहेत. कोणते देऊ? घरच्यांनी निवडायचे असतात."

"घरचे कोण?"

"तुम्हीच की."

लग्नानंतर वधूवरांकडचे लोक स्टुडिओत बसून अल्बमसाठी फोटो निवडतात, तसे तुम्ही आंदोलनाचे फोटो आंदोलकांकडे घेऊन आला होतात! मी चाट पडले. पण पोरं? ती धावत आली. खुर्च्यांवर चढून बघायला लागली.

"भाई, ह्यात माझे डोळे मिटलेत."

"मग हा नको. पुढचा बघ."

"ह्यात मी केवढी जाड दिसतेय!"

"अरे बावळटांनो, हे पोलिसांना जाणारेत!"

"म्हणून काय झालं? चांगला जाऊ दे ना!"

अर्धा तास ती जत्रा चालली. मग पहिल्या रांगेचा फोटो आला. यमुना मधोमध, तोंड उघडं, मूठ वर, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा मोजता याव्यात इतकी स्पष्ट. सगळे "वा!" म्हणाले.  यमुना उठून नळाकडे गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

मी हळूच तुम्हाला म्हटलं, "भाई, हा उडवून टाका."

"प्रिंटमधून काढतो."

"प्रिंटमधून नाही. मुळातूनच उडवा."

"मॅडम, सिलेक्शन वेगळं आणि डिलीट वेगळं. मेमरी कार्ड अख्खं ठाण्यात जमा होतं. त्यावर सही आहे माझी."

"मग आम्हाला दाखवायला आणलंत कशाला?"

"सवय आहे," तुम्ही म्हणालात.

त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि मागच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, सगळ्या मुलांसमोर तुम्हाला म्हणाले, "खबऱ्या!"  तुम्ही चहा संपवलात, लॅपटॉप मिटलात, यमुनाचा फोटो बाजूला ठेवून निवडलेल्या पंचवीस फोटोंची यादी खिशात घातलीत आणि गेलात. वाक्य छान पडलं असं मला तेव्हा वाटलं होतं. तीच तर माझी खोड.

त्याच आठवड्यात कॉलेजने तक्रार दिली की आंदोलकांनी सूचनाफलकाची मोठी काच फोडली. पोलिसांनी तुमचं कार्ड काढलं. चाळीसातले सगळे सारखेच स्पष्ट दिसत नव्हते. पुढच्या रांगेतले चौघेच अगदी लख्ख होते. चेहरा स्पष्ट म्हणून आरोपही स्पष्ट. चौघांना सोमवारी ठाण्यात बोलावणं आलं. त्यात यमुना.

ती मला पायऱ्यांवर भेटली. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, तुमचा राग नाय. पण तुम्ही मला पुढं बसवलं नसतं ना..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मी आयुष्यात शेकडो संवाद लिहिले, भाई. इतकं वजनदार वाक्य मला कधी लिहिता आलं नाही.

शनिवारी मी भांडायला म्हणून तुमच्या स्टुडिओत आले. तुम्ही पासपोर्ट फोटो कापत होतात. मी म्हटलं, "मला त्या दिवशीचा व्हिडिओ बघायचाय." तुम्ही लॅपटॉप उघडून तुमच्याकडची कॉपी लावलीत. मुलं टाळ्या वाजवताहेत, कॅमेरा मागे जातोय, अजून मागे, अजून मागे. मग चित्र एकदम हिंदकळलं, छत दिसलं, आणि काच फुटल्याचा आवाज. कॅमेरा सरळ झाला तर मुलं तिथल्या तिथे. चाळीसच्या चाळीस, सगळ्यांचे हात टाळीला.

मी दोनदा बघितलं. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कात्रीकडे बघत होतात.

"काच तुम्ही फोडलीत."

"कोपर लागलं."

"आणि गप्प बसलात?"

"मॅडम," तुम्ही म्हणालात, "तुमचं नाव आणि फुटलेली काच एका कागदावर आली, तर लोक काच बघतील. माझं नाव आणि फुटलेली काच एका कागदावर आली, तर..."

   तुम्ही कुणाचेतरी चार फोटो अगदी काटकोनात कापलेत, पाकिटात घातलेत, आणि विचारलंत, "सोमवारी किती वाजता बोलावलंय पोरीला?"

सोमवारचा तो प्रयोग! मी जन्मभर नाटकं बसवली, पण असा प्रवेश मला कधी बसवता आला नाही. साहेबांच्या खोलीत चौघं मुलं भिंतीला चिकटून उभी. मी कोपऱ्यात. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात आणि म्हणालात, "साहेब, व्हिडिओ बघू या. आवाज मोठा ठेवा." साहेबांनी तुमचा पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. सनई वाजली. पाकळ्यांमधून आमचं आंदोलन हळूहळू, स्लो मोशनमध्ये प्रकट झालं.

साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"टेम्प्लेट आहे साहेब. कालच्या लग्नाचं राहून गेलं."

मिशीवाले हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांची पाठ हलत होती.

मग काचेचा आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, "ती मी फोडली." साहेबांना पटेना. विद्यार्थ्यांनी तुम्हाला पढवलंय का, असं त्यांनी विचारलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "करून दाखवतो." आणि साहेबांना खुर्चीतून उठवलंत! "साहेब, तुम्ही यमुना. इथे बसा, पुढे. हवालदारसाहेब, तुम्ही बाकीचे सगळे. एक मिनिट. हलू नका."

"मला यमुना करता?" साहेब म्हणाले, पण बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तुम्ही "बसा" म्हटल्यावर नाशिकमध्ये भले भले बसलेत. तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून मागे जायला लागलात, "अजून थोडं... हवालदारसाहेबांचा कान राहतोय..." तेवढ्यात हवालदार किंचाळले, "भाई, मागं कपाट!" काचेचं कपाट, वीतभर अंतरावर. तुम्ही थांबलात. साहेब आधी कपाटाकडे बघत राहिले, मग तुमच्या कोपराकडे. आणि हसले. भिंतीजवळ यमुनाने बहुतेक आठवड्याचा श्वास एकदम सोडला.

तुम्ही लेखी जबाब दिलात. तुमचं नाव आणि फुटलेली काच, एका कागदावर. खाली सही केलीत, तीही झोकदार. कॉलेजने तक्रार मागे घेतली. सूचनाफलकाला नवी काच तुम्ही स्वतः येऊन बसवलीत आणि जाताना तिच्यात बघून केस सारखे केलेत. ठाण्याने तुम्हाला पुन्हा कामाला बोलावलं नाही, हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. हवालदारांनी सांगितलं.

महिन्याभराने वसतिगृह उघडलं. यमुना पुन्हा धावायला लागली. भरतीच्या अर्जाचा फोटो काढायला मी तिला तुमच्याकडेच आणलं. तुम्ही तिला म्हणालात, "हनुवटी वर. तू आता आम्हाला घाबरवायचं, आम्ही तुला नाही." पडताळणीचा कागद आला त्या दिवशी ती तुमच्या दुकानासमोर रिक्षांच्या गर्दीत उड्या मारत होती. त्या कागदावर तिच्या नावापुढे काहीही लिहिलेलं नव्हतं. इतका सुंदर कोरा रकाना मी दुसरा पाहिलेला नाही.

आपलं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमच्या स्टुडिओत चहा यायचा आणि आपण सुरू व्हायचो. मी म्हणायचे, वसतिगृह मागणाऱ्या पोराचा चेहरा ठाण्याच्या कपाटात का पडून राहावा? तुम्ही म्हणायचात, "लग्नातही लोक म्हणतात फोटो नको. काही वर्षांनी तेच येतात. म्हणतात, त्यात आमचे आजोबा होते, दाखवा ना."

"पोलीस ठाण्यात आजोबा शोधायला कोण जातं, भाई?"

"पण ते कार्ड नसतं तर यमुना सुटली असती?"

"ते कार्ड नसतं तर अडकली असती?"

 मग दुसरा चहा. मला आजही वाटतं माझंच बरोबर होतं. तुम्ही असतात तर आणखी वीस वर्षं मी तुम्हाला हे ऐकवलं असतं.

आणि दुसरं एक विचारायचं राहिलं. म्हणजे विचारलं मी दहादा, उत्तर राहिलं. त्या दिवशी लॅपटॉप घेऊन कॅन्टीनमध्ये आलात, ते खरंच लग्नाच्या सवयीने? की आपण कुठे कुठे दिसतोय हे मुलांना कळावं म्हणून, मुद्दाम, भोळेपणाचं सोंग घेऊन? विचारलं की तुम्ही म्हणायचात, "सवय, मॅडम," आणि मान खाली घालून कात्री शोधायला लागायचात. कात्री समोरच असायची.

तो 'खबऱ्या' शब्द मी परत घेतला नाही, भाई. चाळीस जणांसमोर दिला होता, चाळीस जणांसमोर परत घ्यायचा असं ठरवलं होतं. भाषण तयार होतं, दोन ठिकाणी थांबायचं, एका ठिकाणी आवाज कापरा करायचा, सगळं. मुहूर्त बघत राहिले. ईदला शीरखुर्म्याचा डबा तुमच्याकडून यायचा, दिवाळीला चिवड्याचा माझ्याकडून जायचा, आणि मला वाटायचं, कळलं असेल. कळलंही असेल. पण बोलले नाही ते नाहीच. आता बोलते, भाषणाशिवाय: चुकले मी.

आता जे सांगायला बसले ते. रविवारी यमुनाचा फोन आला. ती आता पोलीस प्रशिक्षण केंद्रात आहे; रविवारीच फोन मिळतो, तोही रांगेत उभं राहून, मोजकी मिनिटं. आवाजातच हसू मावत नव्हतं.

"मॅडम, लय मज्जा झाली. बंदोबस्ताच्या शूटिंगचा तास होता. सरांनी विचारलं, आंदोलनाचं चित्रीकरण झाल्यावर पुढं काय करायचं? सगळ्या म्हणाल्या, सीलबंद करून जमा करायचं. मी हात वर केला."

"अगं बाई. काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, आधी त्यातल्या लोकांना दाखवायचं. डोळे मिटलेले असतील तर कळाय नको का? अख्खा वर्ग हसला, मॅडम. सरांनी तीन फेऱ्या दिल्या ग्राउंडला."

"मग?"

"मग काय, धावले! सगळ्या फेऱ्या हसत होते. भाईंना सांगा हां, त्यांच्यामुळं धावावं लागलं मला. फोटो काढायला या म्हणावं आमच्या परेडला. सांगाल ना?"

मागून कोणीतरी ओरडत होतं, "ए, झालं का तुझं?" तिची मिनिटं संपत आली होती. पोर इतकी आनंदात होती की माझ्याच्याने सांगवेना. मी म्हटलं, "सांगते." फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी मला तिला खरं सांगावं लागेल. आत्ता मात्र दिलेला शब्द पाळतेय. तीन फेऱ्या, भाई. हसत धावली म्हणे.